दसऱ्याची हळद आणि हसुरामची लस

चौलला आमच्या वाडीत अजूनही कुणीतरी विचारतंच, "ताई, इतकी वर्षं तू उरणकडच्या त्या लॅबमध्ये नक्की काय करायचीस गं?" मी सांगते, "दारोदारचे उकिरडे तपासायचे." विचारणारी हसते. तिला वाटतं, मी थट्टा करतेय. पण माझं काम याहून सोप्या शब्दांत सांगणं मला अजून जमलेलं नाही.

आमच्याकडे कुणाच्या घरी काय शिजलं ते विचारावं लागत नाही. मागच्या दारी खवलं दिसली की मासळी कुठली ते कळतं, शिंपल्या दिसल्या की तिसऱ्या. शरीरातल्या पेशींचंही तसंच असतं. प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे सतत आपल्या बाहेरच्या भिंतीवर मांडत असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी काही पहारेकरी असतात. त्या दारोदार फिरून हे तुकडे हुंगतात. ओळखीचं असलं तर पुढे जातात, परकं दिसलं तर त्या घराचा निकाल लावतात. कॅन्सरची पेशी ही आपल्याच घरातली, बिघडलेली, म्हणून पहारेकरी तिला ओळखीची समजून सोडून देतात. पण कधी कधी तिच्या दाराशी असा एखादा तुकडा पडलेला असतो, जो दुसऱ्या कुणाच्याच दाराशी नसतो. त्याला ट्यूमर अँटिजेन म्हणायचं. तो सापडला की त्याची लस करायची, म्हणजे पहारेकऱ्यांना तो तुकडा हुंगवून सांगायचं, हे जिथे दिसेल तिथे कुणालाही सोडू नका. आमची लॅब मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी असा तुकडा शोधत होती.

ही लस रोग झालेल्या माणसासाठी, रोग होऊ नये म्हणून द्यायची नव्हे. हे सांगून सांगून माझं तोंड दुखायचं. एकदा ट्रेलरचा धंदा असलेले एक शेठ बायकोमुलांना घेऊन, बाह्या वर सरकवूनच लॅबमध्ये आले. "मॅडम, आमच्या पूर्ण फॅमिलीला टोचून टाका, एकदाचं टेन्शन खतम." मी म्हटलं, "अहो, ही ज्याला रोग झालाय त्यालाच." तर म्हणाले, "म्हणजे आधी रोग लावून घेऊ?" मी हसले. ते हसले नाहीत. बायकोमुलांना गाडीत बसवून परत आले आणि दारातच उभं राहून हळूच म्हणाले, "रक्त पडतं ते मूळव्याधीचंच असतं ना?" इतका धिप्पाड माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता. मी त्यांना त्याच आठवड्यात दुर्बीण घालून तपासायला लावलं. मूळव्याधच निघाली. दिवाळीला त्यांचा मिठाईचा डबा अजून येतो.

हसुरामचंही रक्त पडत होतं. तो मात्र कुणाला काही विचारायला आला नाही.

हसुराम आमचा ड्रायव्हर. त्याच्या घराण्याची मिठागरं होती. बंदर आलं, मिठागरं गेली आणि गावातली पोरं ट्रेलरवर चढली. हसुराम मात्र आमच्याकडे आला. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं की काढलेल्या गाठीचा एक तुकडा आणि त्याच माणसाच्या निरोगी आतड्याचा एक तुकडा आम्हाला मिळायचा. ते लगेच गोठवावे लागतात, नाहीतर पेशींच्या भिंतीवरचं सगळं विरघळून जातं. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजनची टाकी बसवलेली एक पेटी होती. ती घेऊन हसुराम ऑपरेशनच्या दारात उभा असायचा. परतताना ट्रेलरची रांग लागली की तो गाडी मिठागराच्या बांधावर घालायचा. दोन्हीकडे पाणी, मधे गाडीपुरता बांध. मी एकदा त्याच्याबरोबर आले आणि डोळे मिटूनच बसले. "ताई, डोलं उघरा," तो म्हणाला. "ह्यो बांध माज्या आज्यानं घातलाय. ह्यो मना टाकायचा न्हाय."

इतकी वर्षं ज्या रोगाचे तुकडे त्याने वाहून आणले, तोच रोग आपल्या पोटात असेल, हे त्याच्या मनात आलं नसेल असं मला वाटत नाही. आलं असणार, म्हणूनच तो बोलला नाही. कुणा वैदूचा पाला खाऊन त्याने वर्ष काढलं. गाडीतच चक्कर येऊन पडला तेव्हा आम्हाला कळलं. ऑपरेशन झालं, केमो झाली, तरी रोग यकृतात पोचला होता. त्याच्या गाठीचा तुकडा आमच्याकडे आला, तो दुसऱ्याच ड्रायव्हरने आणला. पेटीवर नाव नसतं, नुसता नंबर. पण तो कुणाचा, ते लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

तोपर्यंत आमच्या हाती एक अँटिजेन लागला होता. त्याला चिकटणारं, हिरवं चमकणारं औषध, म्हणजे आमच्या भाषेत चमक, आम्ही काचपट्टीवरच्या तुकड्यावर सोडायचो आणि मायक्रोस्कोपखाली निळ्या प्रकाशात बघायचो. अँटिजेन जिथे असेल तिथे हिरवं लखलखतं. हसुरामची गाठ नुसती पेटलेली दिसली. लस दिली तर त्याच्या पहारेकऱ्यांना ती गाठ लांबूनही दिसणार होती.

त्याने ती बघायचा हट्ट धरला. नियमात बसतं की नाही याचा मी विचार केला आणि मग तो सोडून दिला. त्याने एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला.

"ह्यो मी?"

"ही तुमची गाठ, हसुराम."

"भाताच्या आवनातल्या रोपांवानी हिरवीगार हाय की." मग मान वर करून म्हणाला, "येवरी हिरवी, म्हंजे लस लागंल ना हिला?"

मी म्हटलं, "लागेल." आता वाटतं, त्या दिवशी मी जरा जास्तच खात्रीने बोलले होते. पण त्याचा चेहरा समोर असताना दुसरं काय बोलणार?

ज्या थोड्या रुग्णांना पहिल्यांदा लस द्यायची ठरली, त्यांत त्याचं नाव होतं. दसरा झाला की पुढच्या आठवड्यात पहिलं इंजेक्शन. यकृतातली गाठ वाढत होती आणि बाकीचे उपाय संपले होते. तो हे जाणून होता. तारावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, नीट माहीत नव्हतं. त्या एवढंच म्हणायच्या, "लस मिलाली का बरा हुईल."

लोकांना वाटतं, असा तुकडा शोधणं अवघड. शोधणं इतकं अवघड नाही. अवघड असतं ते, तोच तुकडा शरीरात दुसऱ्या कुणाच्या दाराशी नाही, याची खात्री करणं. पहारेकऱ्यांना शिकवलेलं परत विसरवता येत नाही. त्यांना एक खवलही पुरतं. आतड्याचा एखादा कोपरा चुकून खराब झाला तरी माणूस जगतो, पण तोच तुकडा हृदयाच्या दाराशी निघाला तर? आम्ही दिलेली लस माणसाच्या हृदयावर चालून जाईल आणि ती थांबवायला आमच्या हातात काहीच नसेल. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनाच या गोष्टीची धास्ती असते. मला तर ती पोटात घेऊनच झोपायची सवय झाली होती. देहदान केलेल्या माणसांच्या हृदयाच्या, फुफ्फुसाच्या, मेंदूच्या काचपट्ट्या आम्ही तपासायचो.

आधीच्या तपासणीत हृदय कोरं निघालं होतं. पण चमक लावायचं नवं, अधिक धारदार औषध आलं, म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आधी शेवटची एक फेरी करायची असं आमचे प्रमुख सामंतसर आणि मी मिळून ठरवलं.

दसऱ्याला लॅबमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडू, नारळ. हा मान पहिल्यापासून हसुरामचा. त्या वर्षी रजेवर असूनही तो आला. गळ्याची हाडं वर आलेली, सदरा अंगावर लोंबत होता. त्याने त्याच्या पेटीला हळद लावली, फ्रीजला लावली आणि मायक्रोस्कोपपाशी येऊन थांबला. दरवर्षी तो तिथे बोटाचा एक ठिपका द्यायचा. या वेळी मूठभर हळद घेतली. "आपली लस ह्याच्याच डोल्यानं दिसली," म्हणाला, आणि मायक्रोस्कोपच्या खांबापासून टेबलापर्यंत सगळं पिवळं करून टाकलं. आम्ही हसलो. कुणी पुसलं नाही. दसऱ्याच्या दिवशी कोण पुसणार?

दुसऱ्या दिवशी मी पट्ट्या लावल्या. फुफ्फुस कोरं. मेंदू कोरा. मग हृदय; ती पट्टी तेवढी आधीच टेबलावर काढून ठेवली होती. काळोखात हिरवे ठिपके.

मी पट्टी काढली, परत लावली. ठिपके तिथेच. सामंतसरांना बोलवायला धावत गेले.

सर बघत राहिले. मग त्यांनी शेजारची एक रिकामी पट्टी उचलली, जिच्यावर कुठलाच तुकडा नव्हता, नुसती काच, आणि ती भिंगाखाली सरकवली. तिच्यावरही हिरवं लखलखत होतं. त्यांनी टेबलावरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"हळद!" सर ओरडले. "अहो, हळद निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. त्या हसुरामने सगळ्या टेबलावर उधळलीय!"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. हसुराम आदल्या दिवशी विसरलेली पिशवी न्यायला आला होता, बाहेर बाकावर बसला होता. सरांनी त्याला आत बोलावून दाखवलं. तो ओशाळला. "माजीच हलद ती. माफ करा, सायेब." पण तोंडावर हसू मावत नव्हतं, कारण घाबरण्यासारखं काही नाही हे त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं होतं. जाताना मला म्हणाला, "ताई, तुमी लई घाबरल्या व्हत्या. मना वाटलं, आता काय झालं."

तो गेला. मी टेबल पुसायला घेतलं आणि पुसता पुसता थांबले. रिकाम्या काचेवरची हळद कशीही विखुरलेली होती, काही कण मोठे, काही बारीक, कुठे झुबका, कुठे काही नाही. हृदयाच्या पट्टीवरही असे कण होते, खरं आहे. पण त्यांच्याखाली, जरा खोल, अगदी फिकट असं दुसरंही काही होतं. ते विखुरलेलं नव्हतं. जिथे एक पेशी दुसरीला टेकते, त्या रेघेवर ते ओळीने होतं. हळद ओळीत पडत नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. मला ती हळदच हवी होती. सगळ्यांनी हळद म्हटलं होतं, सर म्हणाले होते, हसुराम हसत घरी गेला होता. मी गप्प राहिले असते तर पुढच्या आठवड्यात त्याला इंजेक्शन मिळालं असतं आणि मला कुणी कधी काही विचारलं नसतं. त्या विचाराचीच मला भीती वाटली.

मी सगळं पहिल्यापासून केलं. मायक्रोस्कोप स्पिरिटने पुसला, खोली बदलली, नव्या पट्ट्या घेतल्या, आणि चमक हिरवी न घेता लाल घेतली. त्या प्रकाशात हळद दिसत नाही. लाल दिसलं तर ते हळदीचं नसणार. एक पट्टी औषध न लावता ठेवली, म्हणजे हृदयाची स्वतःचीच काही चमक असेल तर कळावी. चमक मुरायला वेळ लागतो. तेवढा वेळ मी खिडकीशी उभी राहून बंदराकडे जाणारे ट्रेलर बघत होते आणि मनात एकच म्हणत होते, कोरं निघू दे.

औषध न लावलेली पट्टी कोरी होती. दुसरीवर लाल ठिपके होते. फिकट, मोजके, ओळीने, त्याच रेघांवर. मी दुसऱ्या एका दात्याच्या हृदयाची पट्टी घेतली. तिथेही तेच.

सामंतसरांनी खूप वेळ बघितलं. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "इतकं थोडं आहे," ते म्हणाले. "कदाचित काहीही होणार नाही."

"कदाचित," मी म्हटलं.

दोघांपैकी कुणालाच तो शब्द पुढे न्यायचा धीर झाला नाही. सरांनी हॉस्पिटलला फोन लावला. इंजेक्शनं थांबली. पुढे समिती बसली, चर्चा झाल्या, आणि तो अँटिजेन कायमचा बाजूला ठेवला गेला. दुसरा शोधायला घेतला. असे शोध वर्षं खातात. हसुरामकडे वर्षं नव्हती.

त्याला सांगायला मीच गेले. हॉस्पिटलकडून कळवलं जाणार होतंच, पण ते फोनवर ऐकायची त्याच्यावर वेळ येऊ नये असं वाटलं. तारावहिनी ओटीवर सुकट निवडत होत्या. मी त्यांच्यासमोरच सांगितलं, घरातल्या शब्दांत. तोच तुकडा काळजाच्या दाराशीही दिसतोय, लस दिली तर ती काळजावर जाईल.

"ती हलद हाय, ताई," तो लगेच म्हणाला. "मी लावली ना. सायेबांनी दावली मना."

"मी दुसऱ्यांदा बघितलं, हसुराम. हळद काढून बघितलं."

"मंग तिसऱ्यांदा बगा."

"तेही केलं."

तारावहिनींचा हात सुकटीत तसाच राहिला. "येवरासाच दिसतंय ना? मंग द्या की. हुईल ते हुईल. अशानंबी काय राहतंय त्यांचं?"

कितीतरी रुग्णांचे नातेवाईक हेच म्हणतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला कधीच वाटलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, माझ्या हातात नाही." ते खरं होतं आणि खरं नव्हतंही. मी निघाले तेव्हा हसुराम नेहमीसारखा गाडीपर्यंत सोडायला आला नाही.

पावसाळ्याच्या आधी मी परत गेले. पोट फुगलं होतं, आवाज खोल गेला होता. मला वाटलं होतं तो रागावलेला असेल. त्याने तारावहिनींना चहा ठेवायला आत पाठवलं आणि मला जवळ बोलावलं.

"ताई, खरं सांगा. ती हलद नव्हती ना?"

मी गोंधळले. इतके दिवस मला वाटत होतं, त्याला ती हळदच हवी आहे.

"नव्हती," मी म्हटलं. "शपथेवर सांगते. हळदीखाली होतं ते. हळद नसती तरी दिसलंच असतं."

त्याने डोळे मिटून मान हलवली. "मना येकच भीती व्हती. मी हलद उधलली, त्यानं तुमचा हिशोब चुकला, नि सगल्यांचीच लस गेली. माजी जाऊं दे. पन ज्यांचं तुकडं मी आनलं, त्या सगल्यांची. झोप येत नव्हती, ताई." मग म्हणाला, "औंदा पेटीला हलद लावाल ना? लांब नेऊन लावा. बाहेर."

गणपतीच्या आधीच तो गेला.

त्या वर्षी दसऱ्याला सरांनी हळदीला मनाई केली, नुसते झेंडू. मी पेटी उचलून बाहेर पिंपळाखाली नेली आणि तिला हळद लावली, बोटाचा एकच ठिपका. मग साबणाने हात धुतले, परत धुतले, कोपरापर्यंत धुतले आणि आत आले. मायक्रोस्कोपचा निळा प्रकाश लावला आणि का कोण जाणे, त्याच्याखाली स्वतःचं बोट धरलं.

नखाच्या कडेला हिरवं होतं. विखुरलेलं, कसंही, कुठे झुबका, कुठे काही नाही. ती हळद होती आणि हृदयातलं ते निराळं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण ते फिकट ठिपके हसुरामला मारण्याइतके होते का, हे मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही. दर दसऱ्याला मी घरी देवाला हळद वाहते, हात धुते, आणि दिवसभर बोटं पदरात लपवून वावरते.